व्यायामासाठी हार्मोन घ्यावेत का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी संप्रेरकांच्या विकारांवर उपचार करणारा डॉक्टर. हल्ली आजारी माणसांइतकेच प्रश्न मला धडधाकट माणसं पाठवतात. दंडाचा फोटो, रक्ताचा रिपोर्ट, एखाद्या बाटलीचं लेबल आणि खाली एकच ओळ: "घेऊ का?" पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात परत लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय. 'सायकल'चं (ठरावीक आठवडे स्टेरॉइड घ्यायचं, मग थांबायचं, या फेरीचं) वेळापत्रक इथे मिळणार नाही. तेच शोधत आला असाल तर पुढे वाचण्यात वेळ घालवू नका.

१. हार्मोन सप्लिमेंट म्हणजे नेमकं काय? प्रोटीन पावडर आणि क्रिएटिनही त्यातच येतात का?

नाही. प्रोटीन पावडर हे अन्न आहे. क्रिएटिन आपल्या स्नायूंत मुळातच असतं. रोज ३ ते ५ ग्रॅम घेतलं की जोर लावायच्या छोट्या सेटना इंधन थोडं जास्त पुरतं, बस. (क्रिएटिन घेणाऱ्याच्या रिपोर्टात क्रिएटिनिन (किडनीचं काम जोखायचा आकडा) किंचित वाढलेलं दिसतं आणि किडनी गेली म्हणून घरात रडारड होते. रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना सांगून ठेवा.)

हार्मोन म्हणजे एका ग्रंथीनं रक्तातून धाडलेला निरोप. तो मोजायचा नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागात. इतक्याशा निरोपावर केस, आवाज, रक्त, झोप, मूड सगळं हलतं. जिमच्या जगात फिरणारे हार्मोन म्हणजे टेस्टोस्टेरॉन आणि त्याची कृत्रिम भावंडं, ग्रोथ हार्मोन, इन्सुलिन, थायरॉइडच्या गोळ्या आणि डीएचईए (ज्यापासून शरीर टेस्टोस्टेरॉन बनवू शकतं असा हार्मोन). 'सप्लिमेंट' म्हणजे पूरक, आहे त्यात घातलेली भर. हार्मोनच्या बाबतीत शरीर भर घालूनच घेत नाही. का, ते प्रश्न ४ मध्ये.

२. मला दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप दिलाय. त्यानं बॉडी बनेल का? की जिमवाल्यांसारखे दुष्परिणाम होतील?

दोन्ही नाही. स्टेरॉइड हे एका रासायनिक घराण्याचं नाव आहे. तुमच्या पंपातलं औषध आणि प्रेडनिसोलोनची गोळी कॉर्टिसोलच्या शाखेतली. ती सूज कमी करतात. गोळ्या मोठ्या डोसमध्ये दीर्घकाळ घेतल्या तर स्नायू उलट झिजतात. जिममधले अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड टेस्टोस्टेरॉनच्या शाखेतले. आडनाव एक, घरं वेगळी. नावाला घाबरून दम्याचा पंप बंद करू नका.

बेनामी पुड्यांपासून मात्र सावध राहा. 'महिन्यात वजन वाढवून देतो' म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांत कधी कधी हीच कॉर्टिसोलच्या शाखेतली औषधं असतात. गाल भरतात, वजनकाटा खूश होतो आणि आत पाणी नि चरबी साठत असते.

३. खरंच फायदा होतो का, की सगळी हवा आहे?

होतो. हे मी लपवत नाही, कारण लपवलं की पुढचं कोणी ऐकत नाही. टेस्टोस्टेरॉन १९३५ साली प्रयोगशाळेत तयार झालं. त्यानंतर कित्येक वर्षं डॉक्टरमंडळी म्हणत राहिली की यानं ताकद वाढत नाही, आणि वजन उचलणारे मनातल्या मनात हसत राहिले. १९९६ साली एका नीट आखलेल्या प्रयोगानं त्यावर पडदा टाकला. ४३ पुरुष, १० आठवडे, काहींना दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनन्थेट (हळूहळू रक्तात उतरणारं इंजेक्शन), काहींना औषध नसलेलं इंजेक्शन. खोटं इंजेक्शन घेऊन नेमानं व्यायाम करणाऱ्यांचं चरबी सोडून उरलेलं वजन सुमारे २ किलो वाढलं. खरं इंजेक्शन घेऊन व्यायाम न करणाऱ्यांचं सुमारे ३.२ किलो. दोन्ही करणाऱ्यांचं ६.१ किलो. म्हणजे नुसता बसून राहिलेला गडी घाम गाळणाऱ्याच्या पुढे गेला.

हा प्रयोग मला फोटोसकट पाठवणारे पुष्कळ आहेत. त्यातल्या दोन गोष्टी ते गाळतात. औषध शुद्ध होतं आणि सहभागी पुरुष डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते, ही एक. दुसरी म्हणजे सगळं दहा आठवड्यांत संपलं. हृदयाचं नुकसान वर्षांच्या हिशोबात होतं (प्रश्न ८). शिवाय औषध थांबलं की कमावलेल्यातलं बरंच ओसरतं, आणि ते टिकवायला पुढची सायकल लागते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी 'एकच सायकल करून बघतो' म्हणत सुरू न केलेला माणूस विरळा.

४. बाहेरून घेतलं तर शरीर स्वतःचं का बंद करतं? थोडं जास्त झालं तर बिघडलं कुठे?

पाण्याच्या टाकीतला तरंगता बॉल आठवा. पाणी वर आलं की बॉल वर येतो आणि नळ बंद होतो. मेंदूत हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरी मिळून हेच काम करतात. रक्तात टेस्टोस्टेरॉन कमी दिसलं की पिट्युटरी एलएच आणि एफएसएच सोडते. एलएच वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगतं, एफएसएच शुक्राणूंची निगा राखतं.

आता बाहेरून टँकर आणून टाकी काठोकाठ भरली. पाणी कुठून आलं याची बॉलला फिकीर नाही. तो वर जातो, नळ बंद. आतलं पाच होतं आणि बाहेरून दोन घेतलं म्हणून सात झालं, असं घडत नाही. दोन येतात आणि आतले पाच हळूहळू मिटत जातात. म्हणूनच उपचाराला आम्ही 'रिप्लेसमेंट' म्हणतो, बदली. वापरात नसलेल्या नळाचं होतं तसं वृषणांचंही होतं: आकार कमी होतो आणि शुक्राणू थांबतात. रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर असूनही शुक्राणू का थांबावेत, तर वृषणाच्या आत लागणारी पातळी रक्तातल्या पातळीच्या कितीतरी पट असते. इंजेक्शन तिथवर पोचत नाही, ती पातळी तिथेच बनावी लागते.

पुढच्या बऱ्याचशा उत्तरांचं मूळ इथे आहे, म्हणून थोडा रेंगाळलो.

५. माझं टेस्टोस्टेरॉन ३४० आलंय. जिममध्ये म्हणाले "मुलीसारखं आहे". कमी आहे ना?

स्त्रियांमध्ये ते साधारण १५ ते ७० नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटर असतं, तेव्हा जिममधल्या त्या तज्ज्ञांना हा आकडा दाखवा. लठ्ठ नसलेल्या निरोगी तरुण पुरुषांसाठी प्रमाणित केलेली कक्षा सुमारे २६४ ते ९१६ आहे. ३४० खालच्या बाजूला आहे, पण कक्षेत आहे. ९०० वाल्याच्या मानानं तुम्ही निम्म्याहून कमी पुरुष आहात, असा त्याचा अर्थ होत नाही.

आधी विचारा, रक्त कधी दिलं होतं? टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वाधिक असतं आणि दिवसभरात उतरतं, जेवणानंतरही कमी दिसतं. म्हणून तपासणी सकाळी, उपाशीपोटी, आणि कमी आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. तापातून उठल्यावर किंवा रात्रपाळी करून आल्यावर काढलेला आकडा धरू नका. २०११ सालच्या एका छोट्या प्रयोगात दहा तरुणांना आठवडाभर रोज फक्त पाच तास झोपू दिलं, तर दिवसाची पातळी १० ते १५ टक्क्यांनी घसरली. ढोर मेहनत आणि अर्धपोटी 'कटिंग' (चरबी उतरवायचा आहार) एकत्र चाललं असेल तरी शरीर आधी हाच खर्च कापतं. पोटाचा घेर मोठा असेल तर तोही पातळी खाली ओढतो आणि वजन उतरलं की ती चढते.

आकड्यासोबत लक्षणं हवीत: कामेच्छा मावळणं, सकाळचं ताठरपण जाणं, दाढी विरळ होणं, विनाकारण हाड मोडणं. 'थकवा वाटतो' एवढ्यावर निदान होत नाही. थकवा मलाही वाटतो.

६. खरीच कमतरता निघाली तर उपचार सुरक्षित आहे का?

क्लाइनफेल्टर सिंड्रोम (पुरुषात जन्मतः एक्स गुणसूत्र जास्तीचं असणं), पिट्युटरीची गाठ, गालगुंडात किंवा केमोथेरपीत वृषणांना झालेली इजा, दीर्घकाळ घेतलेली अफूवर्गीय वेदनाशामकं अशी कारणं सापडली, तर टेस्टोस्टेरॉन हे औषध आहे आणि ते घ्यावं. हाडं, रक्त, कामेच्छा सुधारते, माणूस पुन्हा माणसांत येतो. टाकीचा नळच मोडलाय, तर टँकर लावण्यात गैर काय?

हृदयाची भीती फार होती. २०२३ साली ५,००० हून अधिक पुरुषांवरच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. वय ४५ ते ८०, पातळी कमी आणि हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले. हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकारानं मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण टेस्टोस्टेरॉनचं जेल लावणाऱ्यांत आणि खोटं जेल लावणाऱ्यांत जवळपास सारखं निघालं. हृदयाचे अनियमित ठोके आणि फुप्फुसात गुठळी मात्र औषधाच्या गटात जास्त आढळली. त्या चाचणीत डोस पातळी सामान्य कक्षेत राहील इतकाच होता. जिममधल्या डोसला तो निकाल चिकटवू नका. तसं करणारे रोज भेटतात.

उपचारात हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचा वाटा) वेळोवेळी बघावं लागतं. ते ५४ टक्क्यांपुढे गेलं तर औषध थांबवतात, कारण रक्त दाट झालेलं असतं. आणि लवकरच मूल हवं असेल तर हा उपचार नको, दुसरे मार्ग आहेत.

७. ट्रेनर म्हणतो डोस कमी ठेवला तर काही होत नाही. बरोबर आहे का?

कमी कशाच्या मानानं? उपचारात एनन्थेटचा डोस साधारण आठवड्याला ७५ ते १०० मिलिग्रॅम असतो. 'बिगिनर सायकल' म्हणून जे सुचवलं जातं ते याच्या कित्येक पट असतं, वर दुसरं तिसरं औषध 'स्टॅक' केलेलं. आणि खरोखर कमी घेतलं, तरी प्रश्न ४ मधला बॉल वर जायचा थांबत नाही. आतलं बंद, बाहेरून जेमतेम तेवढंच. हाती काय आलं?

शिवाय बाटलीत काय आहे हे कोणाला ठाऊक? मध्यंतरी एकानं मला व्हायल आणून दाखवली. लेबलचा कोपरा उचकटलेला होता म्हणून नखानं ओढला, तर खाली दुसरं लेबल. वरच्यावर एक औषध, खालच्यावर दुसरंच, तारखाही वेगळ्या. तो तीन आठवडे ते टोचून घेत होता. चोरवाटेनं आलेल्या मालात डोस कमी, जास्त, भलताच किंवा निर्जंतुक न केलेला, काहीही असू शकतं. एकाच व्हायलमध्ये चार जणांच्या सुया बुडत असतील तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा धोका वेगळा.

८. हृदयावर परिणाम होतो म्हणतात. माझा ईसीजी तर नॉर्मल आहे.

ईसीजी त्या दिवसाचा असतो. स्टेरॉइडनं चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, धाडकन खाली येतं, गोळ्यांनी जास्तच. वाईट वाढतं, रक्तदाब चढतो, रक्त दाट होतं, हृदयाची भिंत जाड आणि ताठर होते. यातलं काहीच आरशात दिसत नाही.

२०१७ साली १४० अनुभवी वजन उचलणाऱ्यांची हृदयं तपासली गेली. हृदय एका ठोक्यात आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं, ते मोजलं. स्टेरॉइड न घेणाऱ्यांचं सरासरी ६३, घेणाऱ्यांचं ५२. त्या वेळी औषध चालू असलेल्यांचं ४९ आणि सोडलेल्यांचं ५८, म्हणजे थांबवल्यावर काहीसं सावरतं. रक्तवाहिन्यांत साठलेलं किटण मात्र जितकी वर्षं घेतलं तितकं जास्त सापडलं.

डेन्मार्कमधला एक अभ्यास २०२४ साली आला. जिममधल्या चाचणीत स्टेरॉइड घेतल्याचं आढळलेले १,१८९ पुरुष आणि त्याच वयाचे इतर, सरासरी ११ वर्षं मागोवा. पहिल्या गटात मृत्यूचं प्रमाण जवळपास तिप्पट. सगळे हृदयानंच गेले असं नाही, अनैसर्गिक मृत्यूही त्यात आहेत. पण ही तरुण, कसलेली माणसं होती.

९. इंजेक्शनची भीती वाटते. गोळी सौम्य असते ना?

यकृताला विचारा. साधं टेस्टोस्टेरॉन तोंडावाटे घेतलं तर यकृत ते पहिल्या फेरीतच मोडून टाकतं. म्हणून स्टॅनोझोलॉल, मेथँडिएनोन, ऑक्झँड्रोलोन यांची रचना यकृताला सहज मोडता येऊ नये अशी केलेली असते, आणि त्याचा भुर्दंड यकृतच भरतं. कावीळ, अंगभर खाज, क्वचित यकृतात रक्तानं भरलेल्या पोकळ्या किंवा गाठी.

एक व्यावहारिक गोष्ट. पायांचा जोरदार व्यायाम करून दुसऱ्या दिवशी रक्त दिलं तर एसजीओटी आणि एसजीपीटी (यकृताच्या तपासणीतली विकरं) वाढलेले येतात, कारण ती विकरं स्नायूंतूनही सुटतात. यकृत की स्नायू हे ठरवायला जीजीटी (यकृताचं) आणि सीके (स्नायूंचं) बघावं लागतं. आधी तीन-चार दिवस जड व्यायाम बंद ठेवून या, म्हणजे सगळ्यांचाच घोळ वाचेल.

१०. दोन वर्षांपूर्वी सायकल केली होती. आता मूल हवंय. अडचण येईल का?

येऊ शकते, म्हणून आधी वीर्यतपासणी करा. टेस्टोस्टेरॉनवर पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणूनही काम झालंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९० सालच्या चाचणीत आठवड्याला २०० मिलिग्रॅम दिल्यावर निम्म्याहून अधिक पुरुषांचे शुक्राणू सहा महिन्यांत शून्यावर आले होते.

एक जोडपं लक्षात राहिलंय. तिच्या तपासण्यांची फाईल बोटभर जाड: सोनोग्राफी, नळ्यांची तपासणी, हार्मोनचे तक्ते. त्याचा एकच कागद, शुक्राणू शून्य. टेस्टोस्टेरॉन करवून घेतलं, तर भरपूर. एलएच ०.१ पेक्षा कमी. हे दोन आकडे शेजारी दिसले की बाहेरून येतंय हे उघड असतं. मी विचारलं. तो टेबलाकडे बघत म्हणाला, "सर, आता फक्त मेंटेनन्स चालू आहे." तिनं हा शब्द पहिल्यांदाच ऐकला असावा. फाईल मिटून ती बराच वेळ मांडीवर धरून बसली होती.

थांबवल्यावर बहुतेकांचे शुक्राणू सहा महिने ते वर्षभरात परततात, काहींना दोन वर्षं लागतात, काहींचे पुरेसे परततच नाहीत. किती काळ आणि किती घेतलं यावर ते अवलंबून असतं. दोन वर्षांपूर्वी एकदाच घेऊन सोडलं असेल तर तुमची शक्यता चांगली आहे.

११. पीसीटी केली की सगळं पूर्ववत होतं ना?

पीसीटी म्हणजे सायकलनंतर टॅमोक्सिफेन, क्लोमिफेन किंवा एचसीजी घेऊन बंद नळ उघडायचा प्रयत्न. पहिली दोन पिट्युटरीला इस्ट्रोजेन दिसू देत नाहीत, म्हणून ती एलएच सोडते. एचसीजी थेट एलएचची नक्कल करतं. ही खरी औषधं आहेत आणि आम्हीही वापरतो. पण जिममध्ये ती विम्यासारखी विकली जातात: 'पीसीटी आहे, मग काय भीती?' तसा विमा नाही. ती फार तर बंद नळ हलवू शकतात. जाड झालेली हृदयाची भिंत किंवा गेलेले केस यांच्याशी त्यांचा संबंध नाही. टॅमोक्सिफेननं गुठळ्या होऊ शकतात, क्लोमिफेननं दृष्टी अंधुक होऊ शकते. पत्रकावरून मारायच्या गोळ्या नव्हेत या.

१२. छाती बायकांसारखी झालीय. गोळीनं जाईल का?

जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचं काही प्रमाणात इस्ट्रोजेन होतं, त्यानं स्तनाग्रामागे गाठ धरते. सुरुवातीला, ती दुखरी आणि मऊ असताना, औषधानं आक्रसू शकते. वर्ष उलटलं की तंतू धरतात, मग शस्त्रक्रियाच. टेस्टोस्टेरॉनचंच दुसरं रूप, डीएचटी, केस पातळ करतं. घराण्यात टक्कल असेल तर ते लवकर गाठतं. पाठीवरचं पुरळ औषध सोडल्यावर बहुधा शमतं, डाग राहतात.

१३. मी मुलगी आहे. स्त्रियांसाठी "सौम्य" स्टेरॉइड असतात म्हणे?

सौम्य हा विकणाऱ्यांचा शब्द आहे. स्त्रीच्या शरीरात मुळात टेस्टोस्टेरॉन इतकं कमी असतं की थोडंही पुष्कळ ठरतं. पाळी अनियमित होते, चेहऱ्यावर केस येतात, शिश्निका वाढते, आवाज घोगरा होतो. पाळी परत येईल. आवाज परत येत नाही, कारण स्वरयंत्र बदललेलं असतं. फोनवर "सर" ऐकायला लागल्यावर थांबवलं तर उशीर झालेला असतो.

पूर्व जर्मनीत १९७० आणि ८० च्या दशकांत सरकारी कार्यक्रमाखाली कोवळ्या खेळाडू मुलींना ओरल-ट्युरिनाबोलच्या निळ्या गोळ्या व्हिटॅमिन म्हणून दिल्या गेल्या. त्याचे परिणाम त्यांतल्या अनेकींनी आयुष्यभर भोगले. गरोदर असाल किंवा होण्याची शक्यता असेल तर विषयच नको. पोटातला गर्भ मुलीचा असेल तर तिच्या जननेंद्रियांची घडण बदलू शकते.

१४. वय १७. उंची ५ फूट ६. सायकल केली तर उंचीही वाढेल का?

उलट थांबेल. हाडांच्या टोकाशी वाढीच्या चकत्या असतात. टेस्टोस्टेरॉनपासून बनणारं इस्ट्रोजेन त्या लवकर बुजवतं. चकत्या मिटल्या की उंचीचं दार कायमचं बंद. या वयात तुझं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन चढतंच आहे. पोरा, दोन वर्षं जेव, झोप आणि बारबेल उचल. फुकट मिळतंय ते विकत कशाला घेतोस?

१५. ग्रोथ हार्मोन तर नैसर्गिक आहे. त्यानं चरबी जाते आणि स्नायू येतात, बरोबर?

चरबी थोडी जाते. स्नायूंचं काय? निरोगी माणसांवरच्या प्रयोगांचा २००८ साली एकत्रित आढावा घेतला गेला. चरबी सोडून उरलेलं वजन सरासरी २ किलोच्या आसपास वाढलेलं दिसलं, ताकद वाढल्याचं दिसलं नाही. त्या वजनात पाणी बरंच असतं. अंगठी घट्ट होते, रात्री हात मुंग्यांनी जागवतात (मनगटातली नस दबते), रक्तातली साखर चढते. वर्षानुवर्षं घेतलं तर जबडा, हातपाय आणि आतले अवयव मोठे होतात. अ‍ॅक्रोमेगली या आजारात नेमकं हेच होतं, आणि तो बरा करायला माणसं मेंदूची शस्त्रक्रिया करून घेतात.

गोळी किंवा तोंडात मारायचा स्प्रे म्हणून मिळणारं 'एचजीएच' (म्हणजे हेच ग्रोथ हार्मोन) विसरा. १९१ अमिनो आम्लांची ती साखळी जठरात अन्नासारखी पचून जाते.

१६. कटिंगसाठी थायरॉइडची गोळी? आणि बल्किंगला (वजन वाढवायला) इन्सुलिन?

थायरॉइड निरोगी असताना गोळी घेतली की वजन उतरतं, पण त्यात स्नायूही जातो, ज्यासाठी एवढी खटपट. ठोके अनियमित होतात, हाडं झिजतात. (केसांसाठी घेतात त्या बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेत असाल तर थायरॉइडचे काही रिपोर्ट खोटे येतात. तपासणीआधी त्या बंद ठेवा.)

इन्सुलिनबद्दल दोनच वाक्यं. बाकीची औषधं वर्षांनी मारतात, हे एका रात्रीत मारू शकतं: साखर उतरते, माणूस झोपलाय असं घरच्यांना वाटतं. कधीही नको.

१७. सार्म्स स्टेरॉइड नाहीत, मग सुरक्षित असतील ना?

सार्म्स म्हणजे टेस्टोस्टेरॉनचं काम निवडक जागी करू पाहणारी औषधं. ऑस्टारिन, लिगँड्रोल वगैरे औषधं फक्त स्नायू आणि हाडांवर काम करावीत या हेतूनं शोधली गेली. हेतू चांगला होता, पण व्यायामासाठी त्यांना मान्यता मिळालेली नाही. त्यांनी टेस्टोस्टेरॉन दबतं, एचडीएल घसरतं, यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. २०१७ साली इंटरनेटवर सार्म्स म्हणून विकली जाणारी ४४ उत्पादनं तपासली, तर लेबलवर लिहिल्याप्रमाणे माल फक्त १८ मध्ये निघाला. काहींत औषधच नव्हतं. त्याच फळीवर दिसणारं कार्डारिन सार्म नाहीच. प्राण्यांवरच्या प्रयोगांत कर्करोग दिसल्यावर त्याचं संशोधन सोडून दिलं गेलं होतं.

१८. मग नैसर्गिक बूस्टर? गोखरू, अश्वगंधा, डीएचईए, मेलाटोनिन?

गोखरूनं माणसांमध्ये टेस्टोस्टेरॉन वाढत असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. अश्वगंधानं काही छोट्या प्रयोगांत किंचित वाढ दिसली, पण थायरॉइडची पातळीही चढू शकते आणि यकृताला सूज आल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. 'वनस्पती आहे, अपाय कसला' हे धोतऱ्यालाही लागू करून बघा.

डीएचईए हा खराखुरा हार्मोन असून काही देशांत सप्लिमेंट म्हणून मिळतो. वयस्कर स्त्री-पुरुषांना दोन वर्षं देऊन पाहिलं, २००६ साली निकाल आला: ताकदीत फरक नाही. मेलाटोनिन झोपेची वेळ सरकवायला उपयोगी आहे, पण २०१७ साली ३१ उत्पादनं तपासली तेव्हा लेबलच्या मानानं ८३ टक्के कमीपासून ४७८ टक्के जास्तपर्यंत माल निघाला.

१९. मी स्पर्धेत उतरतो. डब्यावर स्टेरॉइडचं नाव नाही, म्हणजे चाचणीत अडकणार नाही ना?

अडकू शकता. १३ देशांतून गोळा केलेल्या ६३४ साध्या सप्लिमेंट्सची तपासणी झाली होती, निकाल २००४ साली आले. ९४ मध्ये लेबलवर नसलेले हार्मोनचे पूर्वरूप सापडले. वाडा (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) हिच्या नियमांत अंगात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. 'मला माहीत नव्हतं' हे फार तर शिक्षा कमी करायला चालतं. नँड्रोलोन या स्टेरॉइडच्या खुणा लघवीत कित्येक महिने राहतात. त्रयस्थ प्रयोगशाळेनं तपासलेल्या बॅचचाच डबा घ्या, तळाशी थोडी पावडर आणि पावती जपून ठेवा.

खरा आजार असेल तर उपचारासाठी सूट मागता येते, मात्र आधी. वयामुळे पातळी उतरली, एवढं कारण तिथे चालत नाही.

२०. मी जेल लावतो (डॉक्टरांनी दिलंय). घरात लहान मूल आहे. काळजी घ्यावी का?

घ्यावीच. वडिलांच्या खांद्यावरचं जेल मुलाच्या गालाला लागून अवेळी केस येणं, जननेंद्रिय वाढणं असे प्रकार घडलेत; अमेरिकेत २००९ साली औषधाच्या पत्रकावर त्याबद्दल ठळक इशारा आला. लावल्यावर हात साबणानं धुवा, जेल वाळू द्या, वर शर्ट घाला. मुलाला कडेवर घ्यायच्या आधी ती जागाही धुवा. टॉवेल वेगळा.

२१. घेतोय, पण आता सोडायचंय. एकदम बंद करू का?

एकट्यानं नको. बंद केल्यावर बाहेरचं थांबलेलं असतं आणि आतलं सुरू झालेलं नसतं. या मधल्या आठवड्यांत थकवा, निरुत्साह, कामेच्छा शून्य, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे आरशातलं रोज लहान होत जाणारं शरीर. घेणाऱ्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांना त्याची सवय जडते असा अंदाज आहे, आणि बहुतेक जण याच फटीतून परत सायकलकडे जातात. उदासी गडद झाली, जीव नकोसा वाटू लागला, तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा आणि डॉक्टर गाठा. हा औषध सुटल्याचा परिणाम आहे, त्यावर उपचार आहेत. (प्रेडनिसोलोनसारख्या गोळ्या दीर्घकाळ चालू असतील तर त्याही अचानक तोडू नका, त्याचं कारण वेगळं, पण धोका मोठा.)

छातीत दाब, एका पायाला सूज आणि दुखणं, अचानक दम लागणं, बोलताना जीभ जड होणं, डोळे पिवळे: यातलं काही झालं तर सायकल, पीसीटी सगळं बाजूला ठेवून थेट इमर्जन्सी.

२२. डॉक्टरांना खरं सांगितलं तर ते ओरडतील. न सांगता तपासण्या करता येतील का?

येतील, पण त्या रिपोर्टांचा अर्थ चुकेल. दाट रक्त बघून कोणी रक्ताचा आजार शोधत बसेल, एलएच शून्य बघून मेंदूचा एमआरआय सांगेल. ओरडणारे डॉक्टर भेटतात, नाकारत नाही. मीही तरुण असताना एकावर ओरडलोय आणि तो परत आलाच नाही. असे भेटले तर दुसरे शोधा. येताना औषधांची नावं, डोस आणि सुरू केल्याची तारीख एका कागदावर लिहा, बाटली असेल तर तीच आणा, नसेल तर लेबलचा फोटो. हिमॅटोक्रिट, कोलेस्टेरॉल, यकृत, साखर, रक्तदाब आणि जास्त वर्षं झाली असतील तर हृदयाची इको, इथून सुरुवात होते. कुठलीही शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांनाही सांगा, आणि घरच्यांसमोर नको असेल तर त्यांना आधी बाहेर बसायला सांगा. तेवढं आम्हाला कळतं.